शेती शिकवणाऱ्यांना खुलं पत्र: आधी हंगाम, मग प्रमाणपत्र

शाश्वत शेतीचे वर्ग आणि शिबिरं भरवणाऱ्या संस्था, कृषी शिक्षणाचे अभ्यासक्रम आखणारी मंडळी आणि स्वतःच्या शेतावर इतरांना शिकवणारे शेतकरी मित्र यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडून शिकून गेलेली माणसं काही दिवसांनी आमच्यासारख्या लहान शेतकऱ्यांच्या बांधावर येऊन उभी राहतात. वही भरलेली असते. कंपोस्टचे थर कसे रचायचे, आच्छादन किती जाड ठेवायचं, कुठलं द्रावण किती पाण्यात मिसळायचं, सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलेलं. आणि पहिला प्रश्न असतो, "आता नेमकं काय करू?" प्रश्न अगदी रास्त आहे. पैसे भरून ज्या वर्गाला ही माणसं बसली, तिथे मात्र या प्रश्नाला जागाच नव्हती.

तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. माझी तक्रार वेळापत्रकाबद्दल आहे. दोन-चार दिवसांत शेतीतल्या काही कृती शिकवता येतात, शेत चालवायला शिकवता येत नाही. शेत चालवायचं म्हणजे दर आठवड्याला अपुऱ्या माहितीवर काहीतरी ठरवायचं, आणि ते बरोबर होतं की नाही हे कळायला दोन-तीन महिने थांबायचं. ही सवय अंगात मुरायला हंगाम लागतो. म्हणून माझी मागणी अशी की निदान एक पूर्ण हंगाम, जमिनीच्या एकाच तुकड्यावर, हिशेबाच्या वहीसकट शिकवा. त्याआधी प्रमाणपत्र देऊ नका.

कंपोस्टचंच घ्या. प्रत्येक शिबिरात ते असतं आणि माझ्या मते सगळ्यात वाईट तेच शिकवलं जातं. फळ्यावर लिहितात: एक थर वाळलेला, एक थर हिरवा, वर शेण, पाणी शिंपडा, अमुक दिवसांनी उलथा. घरी गेल्यावर एकाकडे लाकडाचा भुसा निघतो, दुसऱ्याकडे गव्हाचं काड, तिसऱ्याकडे नुसतं ओलं गवत, आणि तिघांच्या हातात कागद एकच. खरं तर कुजवणाऱ्या जीवाणूंना नत्राच्या (नायट्रोजनच्या) एका भागामागे कर्बाचे (कार्बनचे) साधारण २५ ते ३० भाग लागतात. काडात हे प्रमाण ८० च्या आसपास असतं, भुशात काहीशे. एवढं एक समजलं की ढीग स्वतःच बोलू लागतो. तापत नसेल तर नत्र कमी, ओल कमी किंवा ढीगच फार लहान. अमोनियाचा वास नाकात झोंबत असेल तर नत्र जास्त. सडका वास येत असेल तर आत हवा पोचत नाही. मूठभर माल घट्ट पिळल्यावर बोटांच्या फटीत एखाददुसरा थेंब दिसावा. धार लागली तर पाणी जास्त झालं. ढिगाच्या पोटात ५५ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता काही दिवस टिकली की तणांचं बरंचसं बी मरतं. शेतातही हेच गणित चालतं: कच्चं काड मातीत गाडून लगेच पेरलं तर जीवाणू मातीतलं नत्र आधी स्वतःकडे ओढतात आणि पीक पिवळं पडतं. ज्याला कारण कळलं त्याचा कागद हरवला तरी बिघडत नाही.

कंपोस्टची इंदूर पद्धत ज्यांच्यामुळे जगभर गेली ते अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत काम करत होते. त्याआधी, तरुणपणी, ते वेस्ट इंडीजमध्ये पिकांवरच्या बुरशीरोगांचे तज्ज्ञ म्हणून नोकरीला होते. तिथली त्यांची खंत मोठी बोलकी आहे: दुसऱ्याला सल्ला द्यायचा, पण तो आधी स्वतः करून बघायला हातात जमीन नाही. पुढे भारतात आल्यावर त्यांनी जमीन मागून घेतली, तिच्यावर पिकं घेतली आणि इथले शेतकरी आणि किडी या दोघांना आपले प्राध्यापक म्हटलं. तुमच्या व्याख्यात्यांच्या यादीवरून एकदा नजर फिरवा. त्यातल्या कितीजणांनी आपला सल्ला स्वतःच्या जमिनीवर भोगला आहे?

हंगामभर शिकवणं अव्यवहार्य आहे, असं तुमच्यातले काहीजण म्हणतील. ते कधीच होऊन गेलं आहे, तेही मोठ्या प्रमाणावर. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार माजवला होता. जितकी फवारणी वाढली तितके तुडतुडे वाढले, कारण त्यांना खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटक फवाऱ्यात आधी मरत होते. १९८६ साली तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पण बंदीने शेतकऱ्याला शेत वाचायची नजर येत नाही. म्हणून १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतीशाळा सुरू झाल्या. साधारण पंचवीस शेतकऱ्यांचा गट, आठवड्यातून एक सकाळ, पेरणी-लावणीपासून कापणीपर्यंत. भिंती नाहीत, फळा नाही.

त्या सकाळी काय चालायचं ते नीट बघण्यासारखं आहे. चार-पाच जणांची टोळी शेतात उतरायची, भाताचे ठरावीक चूड, म्हणजे रोपांचे झुपके, तपासायची, फुटवे मोजायची, पानाच्या मागच्या बाजूचे किडे बघायची. मग सावलीत बसून मोठ्या कागदावर चित्र काढायची: मधोमध रोप, एका बाजूला त्याला खाणारे, दुसऱ्या बाजूला खाणाऱ्यांना खाणारे, वर ऊन की ढग, खाली पाणी किती. चित्राखाली निर्णय लिहायचा, या आठवड्यात काय करायचं आणि का. मग प्रत्येक टोळीने आपलं चित्र इतरांसमोर मांडायचं आणि उलटतपासणीला उत्तरं द्यायची. कुणी किडा आणून "हा कोण?" असं विचारलं तर शिकवणाऱ्याने नाव सांगायचं नाही. कुठे सापडला, काय करत होता, आजूबाजूला कोण होतं, असं उलट विचारायचं. शंका राहिली तर किडा रोपासकट जाळीत ठेवायचा, सोबत एक कोळी सोडायचा आणि कोण कोणाला खातं ते बघायचं. काही ठिकाणी शेतकऱ्यांनी कोवळ्या भाताची पानं स्वतःच्या हाताने कापली आणि कापणीला तोलून पाहिलं. लहानपणी झालेली पानांची इजा भात बऱ्यापैकी भरून काढतो, हे दिसल्यावर पान कुरतडलेलं दिसताच पंपाकडे धावणारा हात थांबला. भाषणाने तो थांबला नसता.

या शाळा पुढे आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत पोचल्या. टीकाही भरपूर झाली. खर्च फार होतो आणि शाळेत न आलेल्या शेजाऱ्यापर्यंत शिकलेलं फारसं झिरपत नाही, असं अभ्यासकांनी दाखवून दिलं. ही टीका मला मान्य आहे, पण मी तिचा अर्थ उलटा लावतो. माहिती बांधाबांधावरून पसरते, कसब पसरत नाही. शेजाऱ्याचं पोहणं बघून कुणाला पोहता येत नाही. शेत वाचणं हे कसब आहे असं आपण मान्य करत असू, तर त्याला वेळ आणि पैसा लागणारच. तो वाचवण्यासाठी दोन दिवसांचं शिबिर भरवलं तर आपण कसबाऐवजी माहिती विकतो आहोत, एवढं तरी जाहिरातीत स्पष्ट लिहावं.

पहिला धडा कुठला असावा हे मला विचाराल तर मी फावडं हातात देईन. बांधाच्या कडेला, जिथे वर्षानुवर्षं नांगर लागलेला नाही आणि गवत वाढतं, तिथून फावडंभर माती उचलायची. तेवढीच शेताच्या मधून. दोन्ही ढेकळं शेजारी ठेवायची. बांधाकडची माती सहसा गडद निघते, बोटाने दाबली तर वाटाण्याएवढ्या, हरभऱ्याएवढ्या कणांत सुटते, मुळं तिच्यातून आरपार गेलेली असतात, एखादं गांडूळ अंग आखडून घेतं. मधल्या मातीचं ढेकूळ कडक, सपाट कडांनी फुटणारं, आणि खाली फावडं जिथे अडलं तिथे दाबून बसलेला थर. मग दोन्हीकडचे वाळलेले खडे काचेच्या दोन भांड्यांत पाण्यात सोडायचे. एक आकार धरून राहतो. दुसरा बघता बघता विरघळून गढूळ चिखल होतो. पहिल्या पावसात शेतात काय होतं, वरचा पापुद्रा का धरतो, पाणी जिरायच्या ऐवजी का वाहतं, हे त्या भांड्यात दिसतं. या धड्याला खर्च शून्य. तरीही तो शिबिरांत क्वचितच दिसतो. कदाचित त्यात विकण्यासारखं काही नाही म्हणून.

दुसरा धडा पाण्याचा, आणि तो कागद-पेन्सिलीचा. १ मिलिमीटर पाऊस १ हेक्टरवर पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी. भाजीपाल्याला कडक उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं तर एका गुंठ्याला दिवसाला सुमारे ५०० लिटर. आता आपल्या विहिरीला, तळ्याला किंवा टाकीला सगळ्यात कोरड्या महिन्यात रोज किती पाणी असतं ते मोजा आणि भागाकार करा. उत्तर येईल तेवढे गुंठे तुमची उन्हाळी शेती. सातबारावर कितीही असोत. नवीन माणूस "किती जमीन घेऊ?" असं विचारत येतो; त्याला आधी हा भागाकार करायला लावला तर निम्मी स्वप्नं तिथेच योग्य मापाची होतील. झालेली बरी.

अन्नद्रव्यांच्या हिशेबावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण शाश्वत हा शब्द तिथेच खरा-खोटा ठरतो. "बाहेरून काहीही आणायला लागत नाही" असं वाक्य तुमच्या पत्रकांत वारंवार दिसतं. १ टन गहू विकला की त्याच्यासोबत सुमारे २० किलो नत्र, तीन-चार किलो फॉस्फरस आणि साधारण तेवढंच पोटॅशियम शेताबाहेर जातं. नत्राची सोय हवेतून होऊ शकते. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतलं नत्र बांधतात हे हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी १८८० च्या दशकात सिद्ध केलं. पण इथेही एक मेख आहे. त्या नत्राचा मोठा वाटा दाण्यात जाऊन बसतो. दाणे विकले तर जमिनीला उरतं ते थोडंच. फुलोऱ्यात पीक गाडलं तर चित्र वेगळं. आणि फॉस्फरस हवेत नसतो. जमिनीत साठा असेल तोवर तो निघत राहतो, जीवाणू आणि मुळं तो मोकळा करत राहतात, आणि आपल्याला वाटतं की युक्ती लागू पडली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ब्रॉडबॉक नावाचं एक शेत आहे. १८४३ पासून तिथे गव्हाचा प्रयोग चालू आहे. एका पट्ट्याला तेव्हापासून कसलंही खत दिलेलं नाही. तो पट्टा मेलेला नाही. हेक्टरी टनाच्या आसपास गहू देत राहतो. जमीन किती सोशिक असते आणि किती कमी देते, दोन्ही एकाच ठिकाणी दिसतं. शेजारच्या दुसऱ्या पट्ट्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत पडतं. त्याच्या मातीतला सेंद्रिय कर्ब बिनखताच्या पट्ट्यापेक्षा दुपटीहून जास्त आहे, पण तिथवर पोचायला पिढ्या गेल्या. पी हळद अन् हो गोरी, असला प्रकार मातीत नसतो. आणि प्रश्न असा की ३५ टन खत येतं कुठून? एका हेक्टरात पीकही घ्यायचं आणि एवढं खत निघेल इतकी जनावरं त्याच जमिनीच्या चाऱ्यावर पोसायची, हे जमणारं नाही. म्हणजे एका शेताची सुपीकता बऱ्याचदा दुसऱ्या जमिनीवरून आलेली असते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ते वहीत लिहिलं पाहिजे. शिकणाऱ्याला वर्षाअखेर सांगता आलं पाहिजे: शेतातून काय गेलं, किती गेलं, परत काय आलं, आणि ते कुणाच्या जमिनीवरून आलं.

श्रमाचा हिशेब त्याहून कमी शिकवला जातो. तण पांढऱ्या दोऱ्याएवढं, दोन पानांवर असतं तेव्हा वाफसा (जमीन ना फार ओली ना कोरडी) बघून कोळपं फिरवलं की काम मिनिटांचं. दोन-तीन आठवडे गेले की त्याच वाफ्यावर खुरपं घेऊन बसायचं आणि कंबर धरायची. पण नेमका तोच आठवडा असतो जेव्हा रोपं लावायला आलेली असतात, भाजी तोडणीला आलेली असते आणि ठिबकची नळी कुठेतरी उंदराने कुरतडलेली असते. आधी काय, हे ठरवणं म्हणजेच शेती. तुमची शिबिरं नेमकी निवांत दिवसांत असतात, कारण गर्दीच्या आठवड्यात तुम्हालाही वेळ नसतो. मला तर वाटतं, फक्त त्या गर्दीच्या आठवड्यात माणसं बोलवावीत.

आता जरा अवघड विषय. प्रात्यक्षिकासाठी म्हणून जी शेतं दाखवली जातात, त्यांचं उत्पन्न कशातून येतं? पिकांतून किती, शिबिराच्या शुल्कातून किती, अनुदानातून किती, आणि देणग्यांतून किती? शिकवण्यातून पैसे मिळवणं गैर नाही; चांगल्या शिक्षकाला ते मिळालेच पाहिजेत. पण समोर बसलेला माणूस नोकरी सोडून त्या शेतासारखं शेत उभं करायला निघालेला असतो, आणि त्याला शिबिरं भरवायची नसतात. त्या सुंदर वाफ्यांमागे चार माणसांची फुकट मेहनत आणि दरमहा येणारं शुल्क आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. तो वाफे बघतो आणि घरी जाऊन तसेच करतो. पुढच्या वर्षी तो आमच्या बांधावर असतो.

फुकट मेहनतीवरून आठवलं. उमेदवारी, म्हणजे कुणाच्या तरी शेतावर राबून शिकणं, ही शेती शिकण्याची सगळ्यात जुनी आणि मला वाटतं सगळ्यात चांगली रीत. पण अनेक ठिकाणी उमेदवार म्हणजे बिनपगारी खुरपणारे हात. दिवसभर तण काढायचं, संध्याकाळी एक गप्पांचा तास, म्हणजे शिक्षण झालं. याला साधी कसोटी आहे: उमेदवाराच्या ताब्यात, त्याच्या एकट्याच्या निर्णयावर चालणारा जमिनीचा तुकडा आहे का? एक-दोन गुंठेसुद्धा पुरतात. काय पेरायचं, कधी पाणी द्यायचं, किडीला काय करायचं, माल कुणाला विकायचा, हे त्याने ठरवायचं. पीक गेलं तर ते त्याचं गेलं, आणि का गेलं हे त्याने इतरांसमोर मांडायचं. तुम्ही शेजारी उभे राहा, पण हातातलं खुरपं काढून घेऊ नका. आणि उरलेल्या कामाची रीतसर मजुरी द्या.

आणखी एक. लहान शेत म्हणजे मोठ्या शेताची छोटी प्रत, अशा समजुतीने आखलेले धडे काढून टाका. जगातली सुमारे ८४ टक्के शेतं २ हेक्टरहून लहान आहेत. त्यांच्याकडे शेतजमिनीचा साधारण १२ टक्के वाटा आहे आणि जगाच्या अन्नातला सुमारे ३५ टक्के वाटा ती उचलतात. ही शेतं चालतात ती दाटीने घेतलेल्या पिकांवर, घरच्या हातांवर आणि सतत लक्ष ठेवण्यावर. तिथे कर्ज काढून घेतलेलं यंत्र वर्षातले मोजके दिवस चालतं आणि बाकीचे दिवस व्याज खातं. अवजाराला धार कशी लावायची, बियाणं ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण कशी तपासायची, यंत्र विकत घेण्यापेक्षा भाड्याने केव्हा परवडतं, असले धडे पत्रकावर उठून दिसत नाहीत. पण शेत त्यांच्यावरच उभं राहतं.

लोकांना वेळ नसतो, ही सबब मी अनेकदा ऐकली आहे. आठवड्यातून एक सकाळ, चार-पाच महिने. ज्याला एवढाही वेळ काढता येत नाही त्याला शेत चालवायला वेळ कुठून मिळणार, हे त्याला वर्गाच्या दारातच कळलेलं बरं. त्याचे पैसे वाचतील. तुमचं शुल्क बुडेल हे खरं.

तर मागण्या थोडक्याच आहेत. प्रमाणपत्र हंगाम संपल्यावर, आणि तेही शिकणाऱ्याची वही बघून द्या. त्या वहीत पाणी, खत, श्रम आणि पैसा या चारही गोष्टींची आवक-जावक असू द्या. शिकवणाऱ्यांत निदान निम्मे असे असू द्या ज्यांचं घर शेतावर चालतं, आणि त्यांच्या बुडालेल्या दिवसाची भरपाई करा. तुमच्या शेतावर फसलेले वाफे पाहुणे यायच्या आधी नांगरून टाकू नका. तिथे पाटी लावा, काय केलं होतं आणि काय झालं. आणि पुढच्या वर्गाची जाहिरात काढाल तेव्हा तिच्या मागच्या बाजूला आपल्या शेताचा गेल्या वर्षीचा जमाखर्च छापा, शुल्काची ओळ वेगळी दाखवून. आम्ही काही लहान शेतकरी आमचा जमाखर्च तुमच्या विद्यार्थ्यांना दाखवायला तयार आहोत. त्यात तोट्याची वर्षंही आहेत.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक लहान शेतकरी